खाडा

विस्कॉन्सिनमधल्या एका गोठ्याचे पगार मी लिहिते.
आठशे चाळीस गाई, एकोणीस माणसं.
गाईंच्या कानांत पिवळे बिल्ले, त्यांवरचे आकडे खरे.
माणसांच्या फायलींत नऊ-नऊ आकडे,
त्यांचं मी विचारत नाही.
मालक, लायल गुंडरुड, दारातूनच म्हणतो,
डोरीन, कागद आहे ना?
कागद असतो.

मर्ल टोस्टरुड सहा वर्षं आमच्याकडे धार काढतो.
पहाटे तीनला, उणे बावीस अंशांत,
एकही खाडा नाही.

मर्ल टोस्टरुड आमच्या चर्चच्या मागे पुरलेला आहे.
एक्याऐंशी सालचा मार्च, तळ्यावरचा बर्फ फुटला,
वय एकोणीस.
त्याच्याबरोबर मी एकदा नाचले होते शाळेत,
त्याचा उजवा बूट सैल होता.

पहिल्या दिवशी नाव वाचून मी मान वर केली.
समोर एलेउतेरिओ, सोंगोलिकाच्या डोंगरातला,
टोपी हातात, नजर माझ्या टेबलावरच्या टाचण्यांवर.
मी काही बोलले नाही.
तोही नाही.

दर पंधरवड्याला मर्लच्या पगारातून
म्हातारपणच्या पेन्शनची कपात होते.
मर्ल काही म्हातारा होणार नाही
आणि एलेउतेरिओ मागायला येणार नाही.
पैसे मात्र जातात.
महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी माझ्या आईच्या खात्यात पैसे येतात.
ती अठ्ठ्याऐंशीची आहे, टीव्हीसमोर बसून म्हणते,
हे लोक फुकटचं खातात बघ आपलं.
मी तिची गोळी अर्धी करून देते.

ऑक्टोबरात शाळेच्या जिममध्ये सभा झाली,
बास्केटबॉलच्या जाळीखाली घडीच्या खुर्च्या.
डेल व्रुविंक उभा राहिला, एक हात गुडघ्यावर:
ताशी चौदा डॉलरला तुम्हाला माणूस मिळतोय
तर मला चोवीस कोण देईल?
खोटं नव्हतं ते. तो गुडघा कामानेच गेलाय.
लायल म्हणाला, अकरा आठवडे जाहिरात दिली.
दोघं आले. एक जेवणाच्या सुट्टीत गेला तो गेलाच.
मागून कुणीतरी: चोवीस दिले असतेस तर?
आणि दुधाला भाव कोण देणार, तू?
हशा पिकला. मग कुणीच हसेना.
राजधानीतून आलेल्या पोरसवदा साहेबाने
सुधारणेचं विधेयक समजावलं.
पुढच्या अधिवेशनात येईल,
नाहीतर त्याच्या पुढच्या.
सगळं गाव आलं होतं.
धार काढणारे तेवढे नव्हते, त्यांची पाळी होती.

त्या मंगळवारी त्याच्या गाडीचा मागचा दिवा गेला होता.
एवढंच.
साडेतीनला लायलचा फोन: मर्ल आला नाही.
कुठला मर्ल, असं अगदी ओठांवर आलं माझ्या.
रबरी बूट चढवून गेले.
कासा दगड झालेल्या, गोठाभर हंबरडा.
चारशे बारा नंबरने मला सडाला हात लावू दिला नाही.
तो शीळ घातल्याशिवाय ती पान्हा सोडत नाही,
हे फायलीत कुठे लिहिलेलं नव्हतं.
मी शीळ घालून पाहिली.
मला नीट येत नाही.

उजाडल्यावर हजेरीपट उघडला
आणि पेन तसंच धरून बसले.
खाडा मांडायचा तो कुणाच्या नावे?

शुक्रवारी फोन आला. लांबून, मुलीचा आवाज,
बारा-तेराची असेल. मागे कोंबडा आरवत होता.
पैसे, हे कळलं. पापा, हे कळलं.
बाकीचं बहुधा स्पॅनिशही नव्हतं,
डोंगरातली त्यांची जुनी भाषा असेल.
चेक माझ्या ड्रॉवरमध्ये होता, मर्लच्या नावाचा.
मला स्पॅनिशमधला एकच शब्द येतो,
पाळी संपवून जाताना पोरं म्हणतात तो.
मान्याना, मी म्हणाले. उद्या.
ती म्हणाली, मान्याना,
आणि फोन धरून राहिली.